सहीखालची ओळ

तळवली,
९ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. तुरुंगात महिन्याला एकच पत्र, तेही दोन पानांचं, असं दूतावासातल्या बाईंनी बजावलंय. म्हणून मुद्द्याचं आधी.

तुमच्या जहाजावर सापडलेला चोरटा माल कुणी ठेवला, ते कोर्टाने खुशाल शोधावं. पण तुला आणि कूक भैरूदादांना कळेल अशा भाषेत, शेजारी वकील बसवून. अर्जात एवढंच मागितलंय. आईला पटत नाही. माजा पोरगा चोर नाय, सरळ सोडा म्हणून लिही, असा तिचा हट्ट. मी म्हटलं, नुसतं सोडलं तर डाग तसाच राहील. शिवाय भैरूदादांसाठी साताऱ्याहून लिहिणारं कोण आहे?

काल आकाशच्या हळदीत डीजे थांबवून माईक घेतला. तीनशेवर सह्या झाल्या. आजोबांनी मात्र सहीआधी अख्खा अर्ज माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. तोवर नवऱ्याची हळद वाळली.

तब्येत जप. तुझ्या चिडवण्याला मुकलेली,
उन्नती

तुरुंगातून,
३० मार्च

चि. उन्नती बाय,
अनेक आशीर्वाद. इथून तेवढेच बिनतपासणीचे जातात.

पत्र मिळालं. खाली ‘प्रत माहितीसाठी’ लिहायचं राहिलं का? घरातली पहिली पदवीधर भावाला पत्र लिहिते की परिपत्रक काढते, असा भैरूदादांना प्रश्न पडलाय. आकाशची हळद बिघडवलीस, आता तुझ्या हळदीत तो जनरेटर बंद करील.

इथे रोज उकडलेली चवळी. भैरूदादा प्रत्येक घासाला स्वयंपाक्याची कीव करतात. तारखेला न्यायाधीश काहीतरी वाचतात, सगळे मान हलवतात, म्हणून आम्हीही हलवतो. पहिल्या दिवशी बंदरावर पोलिसाने बोट ठेवलं तिथे आम्ही सह्या केल्या. तो म्हणे आमचा कबुलीजबाब. २० मेला त्यावरच निकाल, सात-आठ वर्षं सांगतात.

हे आजोबांना कळू देऊ नकोस. नातवाने न समजता सही केली, हे त्यांना सोसणार नाही.

आईच्या हातच्या सुकटीची आठवण काढणारा,
कुंदन

तळवली,
२५ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि. नमस्कार घाईतला आहे, मानून घे.

आजोबांना सांगितलं. रागावू नकोस, सांगावंच लागलं. दूतावासाने त्या कागदाची प्रत पाठवली. तुझ्या सहीखाली एक वाकडीतिकडी ओळ आहे. तिथल्या भाषांतरकाराने ‘सही व नक्षी’ असं नोंदवलंय. अक्षर सुधार म्हणून बाई शाळेत उगीच ओरडत नव्हत्या! मी भिंग लावलं. तू लिहिलंयस, ‘वाचून दाखवले नाही’.

आजोबांनी जमिनीच्या कागदावर वाचून न घेता अंगठा दिला आणि जमीन गेली, तेव्हापासूनचा हा आपल्या घरचा नियम: वाचून दाखवलं नाही, तर सहीखाली तसं लिहायचं. गॅसवाल्याच्या चिठ्ठीवरही तू ही ओळ लिहायचास आणि तो भांडायचा, आठवतं? तिथे तुझ्या हाताने सवयीने लिहिलं आणि तूच विसरलास.

आजोबांनी प्रत हातात घेतली, ओळीवरून बोट फिरवलं आणि पोर विसरला नाय, एवढंच म्हणाले. मग जेवले नीट.

ओळीचं भाषांतर, नोटरीचा शिक्का आणि सगळ्या सह्या तिथल्या वकिलांकडे गेल्यात. भैरूदादांच्या कागदावर ओळ नाही, पण खोली तीच, पोलीस तोच. जबाब रद्द करा, असं दोघांसाठी मागतोय.

वीस तारखेकडे डोळे लावून बसलेली,
उन्नती

तुरुंगातून,
२८ मे

चि. उन्नती बाय,
अनेक आशीर्वाद, आणि भैरूदादांचे वेगळे.

न्यायाधीशांनी विचारलं, ही नक्षी काय? हिंदी जाणणाऱ्या दुभाषी बाई आल्या होत्या. मी ओळ वाचून हिंदीत सांगितली, त्यांनी ती न्यायाधीशांना त्यांच्या भाषेत सांगितली. न्यायाधीशांनी चष्मा काढून कागद पुन्हा पाहिला. आमचे दोघांचेही जबाब रद्द. खटला जुलैत पहिल्यापासून, वकील आणि दुभाषी देऊन. सुटलो नाही, आईला तसं नीट सांग. पण आता ऐकून तरी घेतील.

परवा नवे जबाब झाले. माझा बाईंनी दोन तास वाचून दाखवला. भैरूदादा मध्येच घोरले, म्हणून त्यांचा पुन्हा पहिल्यापासून वाचला. सही केली आणि हात आपोआप खाली गेला. कारकुनाने घाबरून वकिलांना हाक मारली.

आजोबांना सांग, या वेळी लिहिलंय, ‘वाचून दाखवले. समजले.’

अक्षरही बरं आलंय.

तुझा,
कुंदन