करिता लिहायला जागा नाही

३ नोव्हेंबर २००८, सोमवार. अमरावती
दिवाळीनंतर आज ऑफिस उघडलं. कॉम्प्युटर बसवून देणारे नईमभाई अकोल्याहून यंत्र घेऊन आले. सर्व्हर म्हणे. दिसतो साध्या जुन्या कॉम्प्युटरसारखा, फक्त पडदा बंद केला तरी आत काहीतरी घुमत राहतं. माझ्या कपाटाशेजारीच ठेवलाय. मला ते आवडलेलं नाही.
संस्थेला पैसे देणाऱ्यांची अट आहे: आपली सगळी कामं आता कॉम्प्युटरवर. घरचा कर्ता गेलेल्या बायकांच्या घरभेटी, अर्ज, पोरांच्या शाळा. प्रत्येक भेट म्हणजे एक ‘काम’. पुढे तारीख, कोणाकडे सोपवलं, सुरू की झालं. इथलं पान अकोल्याच्या ऑफिसातही उघडणार. इतकी वर्षं हे सगळं माझ्या वह्यांत होतं आणि कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये.
नईमभाई म्हणाले, “हे विंडोज नाही ताई, लिनक्स हाय. फुकट भेटते.”
फुकट कोण देतं? आणि का?

४ नोव्हेंबर
दिवसभर काळा पडदा, पांढरी अक्षरं. नईमभाई चाळिशीचे, शांत. एक ओळ लिहायची, दहा ओळी धावत जायच्या, मग ते “हं” म्हणायचे. काय हं? विचारलं तर म्हणे, “माहिती ठेवाची पेटी उघडून नाही राहिली.” तेवढ्यात भारनियमन. तीन तास गेले. वीज आल्यावर पुन्हा पहिल्यापासून.
ते जेवायला गेले तेव्हा मी पडद्यासमोर जाऊन उभी राहिले. एक छोटा चौकोन उघडमीट करत होता. कोणी माझ्याकडे बघतंय असं वाटलं. वेडेपणा.

६ नोव्हेंबर, गुरुवार
झालं एकदाचं. पान उघडलं. वर संस्थेचं नाव, खाली रिकामी यादी. खरं सांगायचं तर छान दिसतं.
नईमभाईंनी विचारलं, “नावं किती लावू? सगळ्याइले अलग अलग देतो. पाच मिनटाचं काम हाय.”
मी म्हटलं, एकच. माझं. आपल्याकडे सगळं माझ्या नावानेच जातं. मी नसले की जो असेल तो ‘करिता’ लिहून माझ्या जागी सही करतो. वीस वर्षं असंच चाललंय.
“पाहा बाप्पा,” म्हणाले. मी परवलीचा शब्द टाकला तेव्हा त्यांनी मान खिडकीकडे वळवली. जरा जास्तच वळवली.
तो शब्द लताला फोनवर सांगितला. अकोल्याचं ऑफिस तीच बघते. तिने तो मोठ्याने म्हणत लिहून घेतला. मागे तिच्या हाताखालची वंदना हसताना ऐकू आली.

८ नोव्हेंबर, शनिवार
अंजनगाव सुर्जी. शोभाकडे. नवरा जाऊन दीड वर्ष. पोरगी सहा वर्षांची, दारात उभी राहून माझी चप्पल घालून बघत होती. शोभाने मला मागच्या खोलीत नेलं. अकोल्यात नर्सिंगला नंबर लागलाय. एक डिसेंबरला पोरीला घेऊन तिथल्या मावशीकडे निघणार. सासऱ्यांना पत्ता लागला तर ते नातीला सोडणार नाहीत.
“तुमालेच सांगून राहिली ताई. माह्या मायलेही नाही सांगतलं.”
परत येऊन एका बोटाने सगळं टाकलं. तारीख, मावशीचा पत्ता, आणि शेवटी: सासरी कळू देऊ नये. अकोल्यात लताने फीचं बघायला हवं, म्हणून टाकलं. वहीत लिहिलं असतं तर तिला कसं कळलं असतं?

११ नोव्हेंबर, मंगळवार
शेंदूरजनाघाट. संत्री निवडणाऱ्या बायकांची बैठक. दिवसभर हाताला सालीचा वास. रात्री वरूडला मुक्काम.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
शोभाचा फोन. एसटी स्टँडवरच्या बूथवरून.
“सासऱ्याले सगळं मालूम हाय. मावशीचा पत्ताबी. पोरीले नणंदेकडे वलगावले नेऊन ठेवलं.” मग: “तुमच्याशिवाय मी कोनाले बोललीच नवती.”
फोन ठेवून शोभाचं पान पुन्हा वाचलं.
कोण? त्या काळ्या पडद्याची भाषा एकालाच येते. आणि त्याची सासुरवाडी अंजनगाव सुर्जी. त्यानेच सांगितलं होतं, पहिल्या दिवशी, कौतुकाने.

१५ नोव्हेंबर
नईमभाईंना बोलावलं. चहा मागवला. तुमच्या सासरी सगळे बरे ना, जाणंयेणं होतं का, कोणाकोणाशी ओळख आहे, असं गोल गोल विचारत राहिले.
त्यांनी कप खाली ठेवला. “ताई, शक हाय तं सरळ बोला ना. चहा काहून पाजून राहिल्या?”
मग सरळ सांगितलं, शोभाचं पान कोणीतरी वाचलंय.
त्यांनी काळा पडदा उघडला. कोणतं पान, कधी, कुठून उघडलं, सगळं तिथे लिहिलेलं असतं. मला माहीतच नव्हतं. शोभाचं पान: मंगळवार, दुपारी दीड. अकोल्याच्या ऑफिसातून. माझ्या नावाने.
“मी शेंदूरजनाघाटला होते.”
“मशीनले काय मालूम? त्याच्या हिशेबानं तुमीच होत्या.”
मी म्हटलं, पण करिता? ते कुठे दिसतं?
“कागदावर रायते ते. इथं नाही.”
जाताना त्यांनी नेहमीसारखं “येतो ताई” म्हटलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार
लताला फोन.
“अगं निमा, सगळेच उघडतात. तुझ्याच नावाने. तूच सांगितलंस ना? शब्द भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय.”
शोभाचे सासरे तिकडे आले होते का?
“मागच्या आठवड्यात. मदतीच्या अर्जाचं काय झालं विचारायला. कोणीतरी पडदा फिरवून दाखवलं असेल. तुझ्या वह्या नाही का आपण दाखवायचो, बघा काका, तुमच्याच घरचं लिहिलंय म्हणून.”
तू होतीस?
“मी जेवायला गेले असेन.”
असेन.
शाळेच्या बोर्डिंगमध्ये सिस्टर लताची-माझी घरची पत्रं फोडून वाचायच्या. एकदा मी आईला खरं खरं लिहिलं, तेव्हा लताने ते पत्र मोज्यात लपवून बाहेर नेलं आणि टपालपेटीत टाकलं. पकडली गेली असती तर तिलाच काढलं असतं. तेरा वर्षांची होती. त्या मुलीला मी आज विचारायचं, की दीड वाजता तू कुठे होतीस?
विचारलं नाही. वंदनालाही नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार
नईमभाई आले. मी आधी माफी मागितली. “जाऊ द्या,” म्हणाले, पण बसले नाहीत. उभ्यानेच प्रत्येकाचं वेगळं नाव केलं. घरभेटीची पानं ज्याची त्यालाच दिसतील असं केलं. पाच नव्हे, बारा मिनिटं लागली.
“नवा शब्द टाका. कोनाले सांगू नका. मलेबी.”
संध्याकाळी लता: “माझं वेगळं कशाला? विश्वास नाही का?” मी म्हटलं, पैसे देणाऱ्यांची अट आहे. पहिल्यांदाच तिच्याशी खोटं बोलले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
अंजनगाव सुर्जी. सासरे ओसरीवर बसले होते. या ताई, बसा ताई. मी सरळ विचारलं, तुम्हाला ऑफिसात कोणी दाखवलं?
“होत्या एक म्याडम. भल्या होत्या.” पान चघळत माझ्याकडे बघत राहिले. “आता तोंड याद नाही.”
याद आहे. सांगायचं नाहीये. किंवा खरंच नाही. मला आता माणसाचा चेहरा वाचता येईनासा झालाय.
नातीबद्दल म्हणाले, आणू ना. रविवारी आणू. तिचंच घर हाय.
आत शोभा चुलीपाशी. मला वाटलं, बोलणारच नाही. मी म्हटलं, चूक माझी आहे. ती पीठ मळत राहिली. मग अगदी हळू,
“आज जाऊन लिवसान का?”
नाही.
“तारीख बदलली म्या. कोनती, ते नाही सांगत.”
मी विचारलं नाही. ओसरीवर सासरे खाकरले. शोभाने पदर सारखा केला आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “जेवून जासान ना ताई?”
“जेवूनच जाईन,” मीही तेवढ्याच मोठ्याने म्हटलं.