ऐंशीच्या खाली

१२ मार्च
७९.६. दोनदा उतरून पुन्हा काट्यावर चढले. तेच. आठ महिन्यांत सतरा किलो. मिलूला जळगावला फोन लावला, म्हटलं ऐंशीच्या खाली आले, आता तारीख माग. तो म्हणाला, थोडा ताप आहे, उतरला की मागतो. छत्तीस वर्षांचा धाकटा भाऊ, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मायला शुगर, त्याच्या बायकोला, सारिकाला, मुतखडे. किडनी द्यायला राहिले मी, तीही वजन ऐंशीच्या खाली आणलं तरच.
युनिफॉर्म कमरेत आत घेतला. ड्रायव्हर म्हणाला, कंडक्टर मॅडम, आता गाडीचं मायलेज वाढणार. हसले मी पण.

२९ मार्च
तारीख नाही. मिलूचा ताप साधा नव्हता, टीबी निघाला. सहा-सात महिने गोळ्या, त्या संपल्याशिवाय ऑपरेशन नाही. डॉक्टर मला म्हणाले, तोवर तुम्ही वजन टिकवा फक्त.
'फक्त'.

१४ एप्रिल
८०.३. जयंतीची सुट्टी मिळाली. वस्तीत बुंदी वाटत होते, द्रोण घेतला आणि शेजारच्या पोराला देऊन टाकला. मिरवणुकीत दोन तास चालले. घरी आले तर अशी भूक की चप्पल न काढताच डबे उघडून बघितले. सत्त्याण्णव किलोची होते तेव्हा अशी भूक कधी लागली नव्हती. उलटाच न्याय.

३० मे
८३.१. सकाळी एक भाकरी, दुपारी एक, भात बंद. मागे एवढंच खाऊन उतरत होतं, आता एवढ्यावरच चढतंय. हवा खाल्ली तरी अंगी लागते म्हणायचे तेव्हा मी हसायचे. खाल्लेलं सगळं वहीत लिहिते. पारोळ्याला गाडी थांबली की ड्रायव्हर भजी खातो, मी खाली उतरत नाही.
मंगळवारी उतरले होते. दोन प्लेट. ते वहीत लिहिलेलं नाही.

२१ जून
८५. डॉक्टरांना रडत विचारलं, माझं चुकतंय कुठे. म्हणाले, शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय. ते भूक वाढवतं, खर्च कमी करतं, गेलेलं परत मिळवायला बघतं. बहुतेकांचं असंच होतं, तुमचा दोष नाही. वजन उतरवायची इंजेक्शनं असतात म्हणाले, पण बंद केली की बऱ्याच जणांचं पुन्हा वाढतं. मग तेच म्हणाले, दोष नसला तरी मला आकडा बघावाच लागतो. किडनी एकच उरली की वजन, बीपी, शुगर सगळं तिच्यावर येणार. उद्या तुम्हालाच डायलिसिसवर बसवायचं का?
माणूस चांगला आहे. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

९ ऑगस्ट
८७.४. मायने डिंकाचे लाडू केले. माझ्यासाठी. आम्ही दोघीच घरात, लपवणार कुठे. म्हणाली, "तुले किडनी देनी शे, आंगमा ताकद नको का? खाय ले व माय." गेले वर्षभर समजावतेय तिला. पालथ्या घड्यावर पाणी. तिच्या मनात एकच, अंगातलं काही द्यायचं तर आधी अंगात असायला हवं.
एक खाल्ला. मग उभ्या उभ्याच आणखी तीन. राग तिचा नाही आला, माझा आला.

२ सप्टें.
वजन केलं नाही. गुडघे पुन्हा दुखायला लागले. मधल्या वाटेवरून तिकिटं फाडत मागे जाताना सीटला कमर घासते, लोक पाय आत घेतात. माय म्हणते, बंद झालेलं घोरणं परत सुरू झालं. जे जे गेलं होतं ते सगळं पाहुण्यासारखं बॅगा घेऊन परत आलंय. चालणं बंद नाही केलं. रोज पाच किमी. कशासाठी, विचारू नये.

१७ सप्टें.
जळगावला मुक्कामाची ड्युटी, मिलूकडे जेवले. सारिकाने भरीत केलं होतं. मी अर्धी भाकरी घेतली. ती ताटाकडे बघत होती, मग माझ्या कमरेकडे. मिलू आत गेल्यावर पाण्याचा तांब्या ठेवताना म्हणाली, "ताई, ज्याला द्यायचं असतं तो देतो."
आवाज चढवून नाही, नेहमीच्या आवाजात. मी तांब्यातलं पाणी ओतून घेतलं. तिला काय बोलू? तिचा नवरा दिवसाला मोजून तीन ग्लास पाणी पितो आणि मला भाकरी मोजता येत नाही, असंच दिसत असणार तिला. तिच्या जागी मी असते तर याहून वाईट बोलले असते.

२५ ऑक्टो.
मिलूचा टीबी संपला. तो तयार. मी ९३.२. शुगर आता रेषेच्या पलीकडे, बीपी १५०. डॉक्टरांनी कागद उलटा ठेवला. म्हणाले, आज तरी डोनर म्हणून नाही. तीन महिने बघू. वजन, शुगर दोन्ही खाली आलं तर पुन्हा विचार करू, हमी नाही. मिलूचं हृदय थकत चाललंय, फार थांबता येणार नाही, हेही सांगितलं.
एक गोष्ट लिहून ठेवते, कुणाला सांगणार नाही. 'नाही' ऐकलं तेव्हा क्षणभर बरं वाटलं. एकच क्षण. बाहेर बाकावर येऊन बसले, मिलूला कळवायला फोन काढला आणि तसाच ठेवून दिला. सारिकाला हे माझ्याआधी दिसलं होतं का?

४ नोव्हें.
९२.९. दहा दिवस अर्धपोटी राहून तीनशे ग्रॅम. मायने विचारलं, कमी झालं का. हो म्हटलं.

११ नोव्हें.
दोन फेऱ्यांच्या मध्ये तासभर मिळाला, डायलिसिसला मिलूजवळ जाऊन बसले. हाताच्या शिरा फुगून दोरासारख्या झाल्यात. म्हटलं, तीन महिन्यांत करते कमी. तो म्हणाला मागच्या वेळी आठ लागले होते. तक्रार नव्हती, नुसतं सांगितलं.
मग म्हणाला, "अक्का, तुला भीती वाटत असेल तर सांग. मी सारिकाला काही कळू देणार नाही."
लगेच बोलायला हवं होतं. लगेच. पाच-सात सेकंद गेले. मशीनचा आवाज तेवढा येत होता. द्यायचीच आहे मला, देवाशप्पथ द्यायचीच आहे, मग ते सेकंद कुठून आले?
म्हटलं, "वेडा आहेस का, द्यायचीये मला."
तोवर त्याने डोळे मिटले होते. झोपला होता की ऐकलं, कळलं नाही. हलवून विचारता आलं असतं. गाडीची वेळ झाली होती, उठले.