ओरेस्ट आता आपल्यात नाहीत

प्रिय मिरोन,

हे वाचायच्या आधी खुर्चीत नीट बस. मी ओरेस्टच लिहितोय, तुझा थोरला भाऊ, आणि वर पोहोचून नव्हे, आपल्या सस्कॅचवानच्या घरातूनच. बाहेर उणे तीस आहे आणि घरात माझ्या दुखवट्याचं इतकं खाणं आलंय की फ्रीजचं दार लागत नाही.

झालं असं, की शाळेतून निवृत्त झाल्यावर मी आपल्या कर्लिंग क्लबची, म्हणजे बर्फावर दगड सरकवत खेळणाऱ्या आपल्या मंडळींची, वेबसाइट बनवायला घेतली. गणिताच्या मास्तराला एवढं न जमायला काय झालं? पुस्तक आणून पीएचपी ही संगणकाची भाषा शिकलो. त्या भाषेत क्लास, म्हणजे वस्तूंचा साचा, लिहिताना काही खास मेथड, म्हणजे नेमून दिलेली कामं, असतात, नावाआधी दोन अधोरेखा असलेल्या. त्यांना आपण हाक मारायची नसते. वेळ आली की भाषा आपणहून त्यांना बोलावते. वस्तू तयार झाली की एक धावत येते, वस्तू संपली की दुसरी. ही दुसरी मला फारच आवडली. मी 'सदस्य' नावाचा क्लास केला आणि तिच्यात सगळ्यांना जाणारा ईमेल लिहून ठेवला: 'आमचे प्रिय अमुक अमुक आता आपल्यात नाहीत. क्लब त्यांचा कायम ऋणी राहील.' कुणी क्लब सोडला की तो जाईल, अशी माझी समजूत. तुझी वहिनी डार्लीन म्हणालीसुद्धा, "अरे, हे वाचून माणूस गेल्यासारखं वाटतंय." मी म्हटलं, "तुला यातलं काय कळतं?"

मला तरी कुठे कळत होतं! पान दाखवून झालं की त्या पानापुरती बनलेली वस्तू तिथंच संपते. म्हणजे एखाद्या सदस्याचं पान कुणी नुसतं पाहिलं, की तो सदस्य गेलाच. शुक्रवारी सकाळी मी तपासायला म्हणून स्वतःचंच पान उघडलं, आपला फोटो बघून खूश झालो आणि अंगणातला बर्फ उपसायला गेलो.

इकडे ईमेल वाचून लोकांनी 'खरंच का' म्हणून माझं पान उघडलं. जो उघडेल तो मला नव्याने मारत होता. शेजारची व्हेरा कोबीच्या पानात भात गुंडाळून केलेल्या होलुब्त्सींचं भांडं घेऊन आली, तर मी फावडं हातात घेऊन उभा. किंचाळली नाही. म्हणाली, "मेल्यावरसुद्धा तुला बर्फ उपसायला लावते का रे ही डार्लीन?" मग घरी जाऊन, आपण तरी शाबूत आहोत ना म्हणून तिनं स्वतःचं पान उघडलं, आणि तीही गेली. तिच्यासाठी प्रार्थना करायला फादर बोहदान निघाले, तेवढ्यात कुणीतरी त्यांचा फोन नंबर शोधायला त्यांचं पान पाहिलं. संध्याकाळी मी ती मेथड रिकामी केली तेव्हा निम्मं गाव स्वर्गवासी झालं होतं आणि उरलेलं निम्मं स्वयंपाक करत होतं.

तुला ईमेल कसा आला म्हणशील, तर त्या अंतिम सामन्यावरून माझ्याशी भांडून तू गाव सोडलंस, तरी तुझं नाव मी सदस्यांतून कधी काढलंच नाही. अध्यक्षांनी आठवण करून दिली होती. मी विसरलो असं सांगितलं.

तुझा फोन आला तेव्हा मी टेबलाशी माझ्याच दुखवट्याच्या होलुब्त्सी खात होतो. डार्लीनचे हात पिठात, म्हणून तिनं कोपरानं स्पीकर लावला. "वहिनी," म्हणालास आणि रडायलाच लागलास. ती "अरे, ऐक तरी माझं" म्हणतेय, पण तू कधी कुणाचं ऐकलंयस? "दादा बरोबर होता, वहिनी. अंतिम सामन्यात तो ओरडत होता, झाडू थांबव, थांबव! मीच दगडापुढचा बर्फ घासत राहिलो. दगड माझ्यामुळे निशाणाच्या पुढे सरकला, आपण माझ्यामुळे हरलो." डार्लीन मला लाटणं दाखवत होती, बोल म्हणून. पण मी बोललो असतो, तर लाजेनं तू फोन आपटला असतास आणि पुन्हा वर्षानुवर्षं उचलला नसतास. शेवटी तू म्हणालास, "गुरुवारच्या विमानानं येतोय, त्याला खांदा द्यायला," आणि फोन ठेवलास.

म्हणून हे पत्र. अंत्यविधी होणार नाही, पण तिकीट रद्द करू नकोस, मिरोन. विमानतळावर मी स्वतः येईन. मला बघून घाबरू नकोस आणि आल्या आल्या मारूही नकोस. शनिवारी सामना आहे आणि आमच्या संघात एक माणूस कमी आहे. तो संघात कमी आहे, असं मी क्लबात सांगतो. घरात कमी आहे, हे फक्त डार्लीनला माहीत होतं, आता तुला सांगितलं.

तुझाच,
दादा