तुरेवाल्या राखी बदकांची व्यवस्था

उद्या माझ्या फुफ्फुसाची शस्त्रक्रिया आहे आणि मी त्यातून उठेन याची हमी डॉक्टर देत नाहीत, म्हणून हे लिहिते आहे. मी शुद्धीवर आहे, माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबावाला मी कधी दाद दिलेली नाही.

घर आणि बँकेतली शिल्लक मुलीला. बदके तिला नकोत. फोनवर म्हणाली, "आई, त्यांचं तूच बघ बाई, मला ती चावतात."

अंडी उबवायचे यंत्र ज्या दुकानदाराने माझ्या गळ्यात मारले त्याला परत द्यावे. त्यातून आजवर एक पिल्लू निघालेले नाही.

आता बदके. तुऱ्याची, राखी रंगाची ही जात वडिलांनी जपली. माझ्या माहितीत ती आता आमच्याच परसात उरली आहे. ही बदके अंड्यांवर बसत नाहीत. धाकट्या भावाच्या बायकोच्या खुडूक कोंबड्या आमची अंडी उबवून देत. पुढे भावाने बाजारातल्या पांढऱ्या बदकांचे नर आणले, आणि त्या मोसमात सगळी पिल्ले ठिपक्यांची निघाली. मी आमच्या आणि भावाच्या परसामधल्या भिंतीतले दार खिळे ठोकून बंद केले. नर थांबले, ते योग्यच झाले. पण कोंबड्याही थांबल्या. नवी पिल्ले झाली नाहीत आणि इकडची बदके म्हातारी झाली, याचे फार वाईट वाटते.

भावाला काही नाही. बदके भावजयीला, तिच्या एकटीच्या मालकीची. अट एकच: पांढरे नर आधी विकावेत.

साक्षीदार: गुरांचे डॉक्टर, समोरचा शिंपी. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या.
सही: थोरली
राहत्या घरी, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी

हस्तांतराची नोंद, त्याच संध्याकाळी: शिंप्याने खिळे काढले. भावजयीला अट वाचून दाखवली. ती म्हणाली, "ताई, ते नर तर ह्यांनी त्याच वर्षी विकले. तुम्ही दारच उघडलं नाहीत, सांगणार कुठून?" अट खोडली, खोडल्यावर आम्हा सर्वांच्या सह्या घेतल्या.

दिले: नर एक, माद्या दोन, दोन्ही वयस्क. अंडी सात, तिच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. त्यांत जीव धरला आहे की नाही, हे आज सांगता येत नाही.