यकृताचा उजवा भाग वगळून

आधी दुरुस्ती. गेल्या महिन्यात मी लिहिलेल्या मृत्युपत्रात दोन चुका आहेत.

पहिली, त्यावर साक्षीदार नाहीत. सगळा मजकूर स्वतःच्या हाताने लिहून खाली सही केली की जर्मनीत मृत्युपत्र पुरे होते, असे आम्ही संस्कृतीच्या पेपरात शिकलो होतो. मी तसेच केले आणि आपण चेन्नईत, वेस्ट मांबलममध्ये राहतो हे विसरले. इथे दोन साक्षीदार लागतात.

दुसरी चूक मोठी आहे. त्यात मी लिहिले होते, "यकृत देण्याविषयी मला कुणीही विचारले नाही." हे खरे नाही. आईने विचारले होते.

शाळेत घालण्याआधी आजोबा शेषगिरी यांनी मला घरीच अक्षरे शिकवली. ते खोडरबर वापरू देत नसत. चुकीवर एक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर काय ते लिहायचे. खालची चूक वाचता आली पाहिजे. म्हणून जुना कागद फाडलेला नाही. त्या वाक्यावर रेघ मारून तो यासोबत ठेवला आहे. तो रद्द समजावा.

मी, श्रीविद्या गुरुराज राव, वय चोवीस, जर्मन भाषा व संस्कृती या विषयात यंदा एम.ए. झालेली, हे पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. भीती वाटते, पण भीतीने बुद्धी गेलेली नाही. माझ्यावर कुणाचे दडपण नाही. हे वाक्य या कागदापुरतेच खरे आहे.

कलम १. माझ्या वडिलांचे, अप्पांचे, यकृत निकामी झाले आहे. आईला मधुमेह आहे. थोरला भाऊ श्रीवत्स याच्या यकृतावर चरबी निघाली. उरले मी. त्याच आठवड्यात मला जर्मनीत येना इथल्या विद्यापीठात जागा आणि शिष्यवृत्ती मिळाली. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. कॉफीच्या फिल्टरमध्ये उकळते पाणी ओतता ओतता म्हणाली, "तू जाणारच आहेस, कण्णा. जायच्या आधी अप्पांना थोडं देऊन जा." कॉफी द्यायला सांगावी तसे. मी बरे म्हटले. नंतर डॉक्टरांनी सांगितले की दिल्यावर बरेच महिने जपावे लागेल, तेव्हा "आधी" हा शब्द निघून गेला. तो निघून गेल्याचे घरात कुणी बोलले नाही.

राहू दे, तू जा, असे कुणीतरी म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. म्हटले असते तरी मी गेले नसते, असे मला वाटते. पण कुणी म्हटले नाही.

यकृत द्यायला घरातून कुणी सांगितले का, असे रुग्णालयाच्या समितीने मला एकटीला बसवून विचारले, तेव्हा मी तेच खोटे वाक्य सांगितले. ही दुरुस्ती त्यांना कळवलेली नाही. कळवली तर शस्त्रक्रिया थांबेल आणि अप्पा तेवढे थांबू शकणार नाहीत. म्हणून ती इथे लिहिली आहे. मी जगले तर हा कागद कुणी उघडणार नाही.

कलम २. येनाची जागा. ही कुणाला देता येत नाही आणि पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही. मी दोन्ही विचारले. उत्तर फार सभ्य जर्मनमध्ये आले.

कलम ३. लोकरीचा कोट, डांबराच्या गोळ्यांसह, श्रीवत्स अण्णाला. मी पहिल्यांदा जर्मनच्या वर्गाला गेले तेव्हा तो म्हणाला होता, "जर्मन शिकून काय, कोवलमला जाऊन गोऱ्यांना मासे विकणार?" त्याने हा कोट मे महिन्यात एकदा घालावा, गच्चीवर.

कलम ४. शिकवण्यांतून साठलेले बँकेतले पैसे, मोठा शब्दकोश आणि शब्दांच्या चिठ्ठ्यांचा डबा चंद्रिकाला. ती नर्स आहे, घर त्याच कोवलमचे, चेन्नईजवळच्या कोळ्यांच्या गावातले, वडिलांची होडी आहे. जर्मनीत नोकरीसाठी लागणारी भाषेची परीक्षा ती माझ्याकडे शिकून देणार आहे. तिची फी यातून भरावी. मागच्या तासाला ती म्हणाली, "अक्का, तुम्ही सगळ्यांना बसमध्ये बसवता आणि स्वतः स्टॉपवर उभ्या." मी हसले. घरी येईपर्यंत हसत होते, मग नाही.

कलम ५. माझा प्रबंध. तो जर्मन स्मशानांवर आहे. तिथे कबरीची जागा ठरावीक वर्षांसाठी मिळते. मुदत कुणी वाढवली नाही तर दगड उचलतात. आमच्या श्रीरंजनी मॅडमना हा विषय उदास वाटला. मला त्यात सुटका वाटली होती. त्याची प्रत मॅडमना द्यावी. माझा हार घातलेला फोटो हॉलमध्ये लावू नये. लावलाच तर वीस वर्षांनी काढावा.

कलम ६. आईला. माझ्या सगळ्या साड्या. तिच्यावर माझा राग आहे. मी नसताना तिला हे वाचावे लागेल हे मला माहीत आहे, तरी राग खोडलेला नाही, कारण तो चुकून आलेला नाही. तिच्या जागी मीही विचारले असते. हेही त्याच्या शेजारी लिहिते.

कलम ७. अप्पांना. मी वर्गाला जाऊ लागल्यापासून अप्पा मला "काय जर्मनी" अशी हाक मारत. धन्यवादाचा एकच जर्मन शब्द ते शिकले होते, आणि मी कॉफी दिली की तमिळ हेल काढून म्हणत, "दांके, जर्मनी." चाचण्या सुरू झाल्यापासून म्हणत नाहीत. पेला घेतात आणि खाली बघतात. माझे यकृत पुन्हा वाढेल, असे डॉक्टर सांगतात. बाकीच्याचे ते काही सांगत नाहीत. अप्पांनी जगावे, आणि तो शब्द पुन्हा वापरावा. दूधवाल्याला म्हटले तरी चालेल.

कलम ८. यकृताचा उजवा भाग या मृत्युपत्रात नाही. तो मी जिवंतपणी देत आहे.

अंमलबजावणी माझी वर्गमैत्रीण अदिती करील. ती पुण्याची आहे. सही करताना म्हणाली, "चोविसाव्या वर्षी कुणी मृत्युपत्र करतं का, बाई?" मग वाचायला मागितले. मी दिले नाही. तिने सही केली आणि पेन बराच वेळ परत दिले नाही.

सही: श्रीविद्या गुरुराज राव

साक्षीदार, दोघांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सही केली, मजकूर वाचलेला नाही:
१. अदिती, वर्गमैत्रीण
२. सेतुमाधव राव, खालच्या मजल्यावरील शेजारी

स्थळ: वेस्ट मांबलम, चेन्नई
दिनांक: ११ ऑक्टोबर २०२५

येनाला पहिला तास ज्या सकाळी आहे, त्याच सकाळी मला आत नेतील: गुरुवार, १६ ऑक्टोबर २०२५.