मागच्या खोलीतला स्टाउट

२ नोव्हेंबर

आजपासून रोजनिशी लिहिण्यास प्रारंभ करीत आहे. मी जे प्रसंग शांतपणे हाताळतो, ते घरातले लोक नंतर निराळ्याच पद्धतीने सांगतात. तेव्हा एक तरी विश्वसनीय नोंद असावी.

दुपारी कन्या आणि जावई स्टाउट नावाच्या काळ्या बिअरच्या बाटल्यांचे बॉक्स घेऊन आले. हे दोघे एका छोट्या गाळ्यात बिअर करतात. 'दारू गाळतात' असे मी म्हटले, की जावई नम्रपणे दुरुस्ती करतो, की बाबा, गाळत नाही, आंबवतो. बाटल्यांत अजून फेस धरायचा आहे. त्यासाठी त्यांना तीन आठवडे सारखा गारवा हवा. तो त्यांच्या गाळ्यात नाही, आमच्या मागच्या खोलीत आहे.

महिनाअखेरीस कोपऱ्यावरच्या बारची मालकीण या स्टाउटची चव घेणार आहे. तिने होकार दिला, तर दोघे इथेच राहतील. नकार दिला, तर जावई दूरच्या शहरातल्या कारखान्यात नोकरी धरील आणि अर्थातच कन्याही जाईल. मला व्यक्तिशः काहीच फरक पडत नाही. केवळ नोंद करून ठेवतो.

जाताना कन्या म्हणाली, बाबा, हात लावायचा नाही, हलवायच्या नाहीत, उघडायच्या तर अजिबातच नाहीत. मी विचारले, की उभा जन्म तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला एकच आज्ञा तीन तुकड्यांत का द्यावी लागते? सौ. म्हणाली, कारण दोन तुकड्यांत दिली की तुम्ही तिसऱ्याची वाट काढता. मी वाद घातला नाही. मुद्द्यावर भर देण्यासाठी चमचा टेबलावर आपटला, इतकेच. बशीला तडा आधीपासूनच असावा.

संकल्प : या महिन्यात आवाज चढवायचा नाही.

५ नोव्हेंबर, दुपार

एक बाटली उघडली. कन्येची मनाई अनेकवचनी होती.

रंग डांबराचा. पेला दिव्यासमोर धरला, तर दिवा नाहीसा झाला. वास करपलेल्या पावाचा, कडू कॉफीचा आणि मागे कुठेतरी भिजलेल्या मनुकांचा. पहिला घोट जिभेवर न रेंगाळता थेट घशात उतरला आणि तिथे त्याने ठोसा लगावला. दुसरा कानशिलात बसला. मी प्रत्युत्तरादाखल तिसरा घेतला. मग चौथा. दबून राहणे माझ्या स्वभावात नाही.

तथापि फेस नाही. पेल्यात ओतल्यावर द्रव निपचित पडून राहिला. यावर पुढीलप्रमाणे विचार केला. प्रतिज्ञा : जावई साखर घालायला विसरला आहे. हेतू : बाटलीत फेस नाही. उदाहरण : जिथे साखर असते तिथे फेस येतो, हे जावयानेच मला मागे समजावून सांगितले होते. उपनय : ही बाटली तशी नाही. निगमन : म्हणून तो विसरला आहे. 'अजून पुरेसे दिवस झाले नाहीत' असा एक पूर्वपक्ष मनात येऊन गेला. तो दुबळा वाटल्याने सोडून दिला.

७ नोव्हेंबर

जावयाला चूक दाखवली असती, तर बिचारा खचला असता. शिवाय कन्येचे राहणे त्या बाटल्यांवर अवलंबून. म्हणून कोणाला न सांगता दुरुस्ती करण्याचे ठरवले. झाकणे दाबण्याचे यंत्र 'अभ्यासासाठी' म्हणून त्याच्याकडून मागून आणले. बाबांना आपल्या कामात गोडी वाटू लागली, या आनंदात त्याने नवी झाकणेही दिली.

सौ. बहिणीकडे गेली होती. प्रत्येक बाटली उघडली, एक शिगोशीग चमचा साखर घातली, झाकण दाबले. काही बाटल्या साखर पडताच माझ्या तोंडावर थुंकल्या. त्यांना शिस्त लावावी लागली. यंत्राने माझ्या अंगठ्याचा चावा घेतला. मी त्याला हातोडीने समज दिली. हातोडी उसळून माझ्याच गुडघ्यावर आली, तेव्हा यंत्र उचलून भिंतीवर फेकले. हे रागाच्या भरात नव्हे. त्याची मजबुती तपासणे आवश्यकच होते. ती पुरेशी आहे. भिंतीची नाही.

९ नोव्हेंबर

उष्णतेने क्रिया वेग घेते, यावर सर्व पक्षांचे एकमत आहे. मागच्या खोलीत हीटर लावला. सौ.ने विचारले, अहो, त्या दाराला ताप का आलाय? मी म्हटले, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, पोरीने गार ठेवायला सांगितलंय ना? मी म्हटले, गारवा हे साधन होते, फेस हे साध्य आहे. ती म्हणाली, तुमचं तुम्ही निस्तरा.

१५ नोव्हेंबर, सकाळ

आमच्यावर हल्ला झाला.

चहा घेत असताना मागच्या खोलीत बंदुकीसारखा बार ऐकू आला. जाऊन पाहतो, तर खिडकीची काच फुटलेली. संशयित एकच : खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य. जिन्यात चपला ठेवण्याच्या प्रश्नावर मी त्यांचा मुद्दा नुकताच सपशेल खोडून काढला होता. तेव्हापासून गृहस्थ धुमसत आहेत.

छत्री घेऊन खाली गेलो. ते तोंडात ब्रश धरून दारात आले. तोंडभर फेस असतानाच म्हणाले, की प्रोफेसर, काचा माझ्या अंगणात पडल्यात, म्हणजे फुटल्या आतून. मी हा शब्दच्छल असल्याचे दाखवून दिले. ते म्हणाले, डोक्यावर परिणाम झालाय तुमच्या. माझ्या छत्रीचे टोक विधानाला आधार म्हणून त्यांच्या पोटाकडे गेले. त्यांनी माझी मान काखेत दाबून धरली. त्या अवस्थेत मी तीन मुद्दे मांडले. ते त्यांना ऐकू गेले नसावेत. अखेरीस मी त्यांच्या पोटरीला चावलो आणि चर्चा निर्णायक ठरली.

सौ. जिन्यात उभी राहून म्हणाली, शोभतं का या वयात? दंतवैद्य म्हणाले, वहिनी, यांचे दात अजून चांगले आहेत हो.

१६ नोव्हेंबर

मान उजवीकडे वळत नाही. डावीकडे पाहण्यासारखे बरेच आहे.

दुपारी दुसरा बार. त्या क्षणी दंतवैद्य माझ्या डोळ्यांसमोर लंगडत कचरा टाकायला चालले होते. सबब त्यांचा कोणीतरी साथीदार आहे. सौ. म्हणाली, अहो, बाटल्या फुटताहेत त्या. तिला अनुमानाचे शिक्षण नाही. मी सोडून दिले.

१८ नोव्हेंबर, सायंकाळ

बाटल्या फुटत आहेत. साथीदार नाही.

हीटर बंद करण्यासाठी कोणीतरी आत जाणे भाग होते. डोक्याला हेल्मेट, छातीला उशी आणि हातात पातेल्याचे मोठे झाकण अशी सिद्धता करून शिरलो. उंबरठा ओलांडतो न ओलांडतो, तोच पहिल्या बॉक्सने सलामी दिली. एकीच्या धक्क्याने दुसरी, दुसरीच्या तुकड्यांनी तिसरी. काचा छताला जाऊन रुतल्या. भिंतीवरचे घड्याळ कोसळले. काळा फेस कमरेपर्यंत उडत होता आणि खोलीत करपलेल्या पावाचा दर्प कोंडला होता. मी झाकण पुढे करून हीटरपर्यंत पोहोचलो आणि त्याची वायर भिंतीसकट उपटली.

परतताना एका बाटलीचे बूड नडगीवर बसले. येथे मी काही क्षण तटस्थता बाजूला ठेवली, हे मान्य करतो. कोपऱ्यातली पडद्याची काठी घेऊन मी त्या बॉक्सला असा चोपला, की आतली एकही बाटली शिल्लक राहिली नाही. त्या स्वतःहून फुटल्या नसत्या, असे सौ.चे म्हणणे. पण ती ते मला कॉलर धरून ओढताना म्हणत होती, त्यामुळे तिच्या विधानात भावनेचा अंश अधिक.

कारणमीमांसा : काच हलक्या प्रतीची.

एकच बॉक्स उरला आहे.

२१ नोव्हेंबर

छत पुसले. डाग खाली उतरण्याऐवजी पसरले. कन्येला फोनवर कळवले, की काही बाटल्या किंचित गळाल्या.

जावई आला आणि दारातच खिळला. छताकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले, माझ्या नडगीच्या पट्टीकडे पाहिले. मग म्हणाला, बाबा, तुम्हाला फार लागलं नाही ना? हा मूळ मुद्द्याला बगल देण्याचा प्रकार होता. तरीही मी सभ्यपणे उत्तर दिले. त्याने विचारले, खोली तापली होती का? मी म्हटले, थंडी होती. हे विधान नोव्हेंबरविषयी होते आणि सत्य होते.

उरलेल्या बाटल्या त्याने जाड हातमोजे घालून बर्फात ठेवल्या. म्हणाला, अगदी गार असल्या तर कदाचित तग धरतील. बॉक्स रजईत गुंडाळून तो जिना उतरला. तान्ह्या बाळाला नेतात तसा. पाऊल वाजू देत नव्हता.

संकल्प : टेस्टिंगच्या वेळी एकच वाक्य बोलायचे, तेही विचारले तर.

२७ नोव्हेंबर

बारची मालकीण करारी बाई. कन्या नवी साडी नेसली होती आणि ती सतत पदर बोटाला गुंडाळत होती. जावई म्हणाला, ताई, मी उघडून देतो. त्या म्हणाल्या, माझ्या बारमध्ये बाटली मीच उघडते.

झाकण सुटले ते थेट त्यांच्या भुवईवर. पाठोपाठ काळा फवारा दिव्यापर्यंत गेला आणि खाली येताना आम्हा सर्वांना माखून गेला. बाईंनी एका हाताने रुमाल जखमेवर दाबला. दुसऱ्या हाताच्या बोटाने ओठावरचा स्टाउट टिपून चाखला. म्हणाल्या, चव फार छान आहे हो, पण मला गिऱ्हाइकांची डोकी फोडायची नाहीत. साखर किती घातलीत? जावई म्हणाला, ताई, वजन करून घातली होती, तीनतीनदा तपासली होती.

इथे त्याची बाजू सावरणे माझे कर्तव्य होते. मी उभा राहिलो आणि स्पष्ट शब्दांत सांगितले, की हा मुलगा साखर घालायला विसरला होता आणि ती मी घातली, शिगोशीग. टाळ्यांची अपेक्षा होती, हे लपवत नाही.

कन्येच्या बोटावरचा पदर सुटला. मग पलीकडच्या टेबलावरचा एक जाडा हसला. म्हणाला, सासरेबुवांनी तोफखानाच उघडला की! त्याला मी थांबण्याची विनंती केली. तो थांबला नाही. स्टूल माझ्या हातून त्याच्या खांद्यावर गेले. त्याचा हात माझ्या नाकावर आला. मी त्याच्या टेबलावर पडलो, टेबल त्याच्यावर पडले आणि बारच्या नोकराने मला दंडाला धरून पायऱ्यांवर नेऊन ठेवले. 'फेकले' हा शब्द पाहणाऱ्यांचा आहे.

कन्या बाहेर आली. ती ओरडेल अशी माझी अटकळ होती. तिने पदराने माझ्या कानातला फेस पुसला, नाकातले रक्त पुसले आणि म्हणाली, बाबा, आता घरी जा. मी तिला माझ्या कृतीमागची कारणे क्रमाने सांगू लागलो. पहिल्या कारणावरच ती आत निघून गेली.

५ डिसेंबर

आज सकाळी ते दोघे गेले. सामान चढवताना मी दोरीच्या गाठीविषयी एक सूचना केली. कोणी वाद घातला नाही.

त्यांची जागा रिकामी करताना सौ.ला फडताळामागे याच खेपेतली एक बाटली पडलेली सापडली. आमच्याकडे कधी आलीच नव्हती ती. संध्याकाळी उघडली. बार नाही, फवारा नाही. हलकेच सुस्कारा टाकल्यासारखा आवाज. पेल्यावर बोटभर जाडीचा तपकिरी फेस बसला आणि बसूनच राहिला. दुसरा पेला सौ.ने आपणहून पुढे केला. ती सावकाश प्यायली. म्हणाली, ही दिली असती, तर पोर इथेच राहिली असती.

खंडन करण्यासाठी फोन लावला. जावयाने उचलला. मी म्हटले, फेस उत्तम आला आहे. तो म्हणाला, हो बाबा, साखर घातली होती मी. तुम्हाला सांगायचंच राहून गेलं, माझी चूक झाली.

प्रतिपक्षाने दोष स्वतःकडे घेतला. वाद मी जिंकला आहे. मग तिकडे थंडी किती आहे, ते विचारले.