खळवाडीचा ळ

बाई, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी हे आधी कच्चं लिहून मग उतरवतो आहे. तुमच्या हाताखाली मराठी शिकलेल्याची सवय जात नाही.

सातवीत मी निबंधात ‘दिवाली’ लिहिलं होतं. तुम्ही वर्गासमोर म्हणालात, “दिवाली सिनेमात असते. तिकडे जायचं असेल तर दाखला काढून देते.” आणि रविवारी मला लोणी काळभोरच्या बसने घेऊन गेलात. वाटेत एके ठिकाणी उतरवलंत. रस्त्याकडेला गुडघाभर उंचीचा काळा दगड, त्यावर मैलाचा आकडा आणि खाली ‘खळवाडी’. आजूबाजूला एक घर नाही. तुम्ही दगडावर वहीचा कागद धरता, माझ्या हातात पेन्सिल देता, मी घासतो आणि सगळ्यात आधी ळ उमटतो. तो कागद तुम्ही मला देऊन टाकलात.

इंग्रजांना घोडदळाच्या तळाला जागा हवी होती, तुमच्या आजोबांच्या गावाला त्यांनी आठ दिवस दिले, खळ्यावरची ज्वारी तशीच राहिली, हे तुम्ही बसस्टॉपवर उभ्याने सांगितलंत. मी विचारलं, मग दगड का ठेवला? “त्यांना गाव नको होतं. अंतर हवं होतं.”

नारायण पेठेत जन्म काढूनही प्रत्येक अर्जात तुम्ही मूळ गाव खळवाडीच लिहायचात. पुढे मला रस्त्याच्या पाट्या बनवणाऱ्या ठेकेदाराकडे मजकूर तपासायची नोकरी लागली, तेव्हा पेढे घेऊन आलो होतो. तुम्ही स्वयंपाकघरात शेंगा सोलत होतात. मान वर न करता म्हणालात, “मग तेवढा ळ सांभाळ.” मी हो म्हणालो.

रस्ता रुंद झाला तेव्हा दगड मुरुमाखाली गेला. नव्या पाट्यांची यादी इंग्रजीतून आली, तिचं मराठी यंत्राने केलेलं. त्यात खलवाडी. मला ते लगेच दिसलं, बाई. पण दुरुस्ती म्हणजे यादी परत पाठवायची, पुन्हा मंजुरी, पंधरा दिवस. साहेब म्हणाले, “अहो, एका अक्षराने कोण रस्ता चुकतंय?” मी सही केली. खळ्यांची वाडी दुष्टांची वाडी झाली.

पुढच्या खेपेला सुधारू म्हणत राहिलो. तोवर पाटीवरून बसथांब्याने नाव उचललं, थांब्यावरून दुकानांनी, मग सोसायट्यांनी आणि फोनमधल्या नकाशाने. निवृत्त झाल्यावर तुमचा कागद घेऊन रस्ते खात्याच्या कचेरीत गेलो. तिथल्या मुलीने तो नीट पाहिला. “काका, ऑनलाइन सगळीकडे खलवाडीच आहे. तुमच्या कागदावर मिस्टेक झालीये.” तिचंही चुकलं नाही. दाखवायला दगडच उरला नाही आणि ज्याला विचारावं असं माणूसही नाही. आता हे दुरुस्त होणार नाही. मी होतो त्या खुर्चीवरून ते होऊ शकत होतं.

हे पत्र त्याच कागदाबरोबर घडी घालून ठेवतो. एवढंच सांगायचं राहिलं. परवा दगडाची जागा पाहायला निघालो होतो. रिक्षावाल्याला तीनदा खळवाडी सांगितलं, त्याला समजेना. चौथ्यांदा मी खलवाडी म्हणालो. त्याने बरोबर नेऊन सोडलं.